रात्री नऊच्या आधीच्या पेशी

९ ऑगस्ट २००१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी टीव्हीवरून देशाला सांगितलं, की मानवी भ्रूणातल्या मूलपेशींवरच्या (शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या पेशींवरच्या) संशोधनाला केंद्र सरकार पैसे देईल, पण त्या रात्री नऊच्या आधी काढलेल्या पेशींपुरतेच. केंद्राची बंदी कशावरच नव्हती. खासगी पैशातून हवं ते करायला मोकळीक होती.

कागदावर हे सोपं वाटतं. प्रयोगशाळेत मात्र एकाच खोलीत दोन संसार थाटावे लागले. केंद्राच्या पैशातून घेतलेला सूक्ष्मदर्शक नव्या पेशींसाठी वापरायचा नाही, म्हणून उपकरणांना वेगवेगळ्या रंगांचे स्टिकर. हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांनी खासगी देणग्यांवर १७ नव्या सेल लाइन तयार केल्या, त्या अशाच वेगळ्या चुलीवर. (सेल लाइन म्हणजे एका भ्रूणातून घेतलेल्या आणि विरजणासारख्या पुढे पुढे वाढवत ठेवलेल्या पेशी.)

केंद्राच्या पैशाला पात्र ठरलेल्या सरकारी यादीत जगभरातल्या ६४ लाइन होत्या. त्यातल्या सात मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या आणि तीन बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन संस्थेच्या. भारताचं नाव एकदम पहिल्या पंगतीत! पुढे संशोधकांच्या हाती प्रत्यक्षात पडल्या त्या साधारण २१ लाइन, आणि त्यांत भारतातली एकही नव्हती. शिवाय यादीतल्या पेशी उंदराच्या पेशींच्या थरावर वाढवलेल्या होत्या, त्यामुळे त्या रुग्णाच्या शरीरात घालायच्या म्हटल्यावर डॉक्टर बिचकणारच.

याच काळात ब्रिटनने दुसरी वाट धरली. तिथे २००१ मध्येच कायद्याने भ्रूण-संशोधनाची व्याप्ती वाढवली, पण प्रत्येक प्रकल्पाला परवाना सक्तीचाच ठेवला. कॅलिफोर्नियातले मूलपेशी-संशोधक रॉजर पेडरसन त्याच वर्षी केंब्रिजला गेले. मला यातली कडक तपासणी महत्त्वाची वाटते. संशोधकाला नियमांचा जाच सोसवतो. उद्या पैसा मिळेल की नाही, ही टांगती तलवार सोसवत नाही.

अमेरिकेत मग राज्यंच पुढे सरसावली. नोव्हेंबर २००४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मूलपेशी संशोधनासाठी तीन अब्ज डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. कोर्टकज्ज्यांमुळे ते रोखे विकायला २००७ उजाडलं, हा भाग वेगळा.

तोवर जपानमध्ये शिन्या यामानाका यांनी भ्रूणाला हातच न लावता खेळ फिरवला होता. २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशी चार जनुकांच्या जोरावर त्यांनी पुन्हा मूलपेशींसारख्या केल्या. बुश यांचे समर्थक याला आपल्या धोरणाचा विजय म्हणाले. हा दावा मला पटत नाही: यामानाका चाचपडत असताना त्यांना तुलनेला भ्रूणातल्याच पेशी लागत होत्या.

मार्च २००९ मध्ये ओबामांनी बुश यांची ती रात्री नऊची अट उठवली. केंद्राची थैली मोकळी झाल्यावर राज्याच्या पैशाचं काय काम, असं कुणालाही वाटेल. पण २०२० मध्ये कॅलिफोर्नियाने निसटत्या बहुमताने का होईना, आणखी साडेपाच अब्ज डॉलर मंजूर केले.