ब्रॅडली पद्धत

तण माजलेलं देशी रान हाताने, थोडं थोडं तण काढत परत उभं करायची ही पद्धत, आणि तेही शक्यतो एकही रोप न लावता. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या मॉसमन भागातल्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी ती 1960च्या दशकात बसवली. दोघी अ‍ॅश्टन पार्कमध्ये फिरायला जायच्या, जाता येता तण उपटायच्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की सरसकट साफ केलेल्या जागी तण दुप्पट जोमाने येतं आणि जिथे जपून काढलंय तिथे रान आपलं आपण भरून येतं. (शेजारचं ब्रॅडलीज हेड मात्र त्यांच्या नावाचं नाही बरं का, ते 1788ला आलेल्या विल्यम ब्रॅडली या नौदल अधिकाऱ्याच्या नावाचं.)

नियम तीनच. चांगल्या भागापासून सुरू करून खराब भागाकडे सरकायचं, माती कमीत कमी हलवायची आणि पालापाचोळा होता तिथेच परत पसरायचा, आणि देशी रोपं ज्या वेगाने उगवतील त्याच वेगाने पुढे जायचं. तिसरा नियम पाळणं सगळ्यात अवघड, कारण नवीन व्हॉलंटियरला पहिल्याच दिवशी सगळ्यात दाट जाळीवर तुटून पडायचं असतं.

तिथले मुख्य शत्रू म्हणजे लँटाना (आपली घाणेरी किंवा टणटणी), प्रिव्हेट हे कुंपणाचं झुडूप आणि बागांमधून सुटलेली शतावरीच्या जातीतली एक शोभेची वेल. या वेलीचा जमिनीलगतचा गड्डा तेवढा चाकूने गोल कापून काढतात, खालच्या पाण्याच्या गाठी तशाच राहू देतात कारण त्यांच्यातून परत फुटत नाही, हे माहीत नसलं की माणूस उगाच हातभर खड्डा खणून ठेवतो आणि त्या उकरलेल्या मातीत नवीन तण आलंच म्हणून समजा. लँटानाचं खोड बुडाशी कापून लगेच त्यावर ग्लायफोसेट हे तणनाशक लावतात.

तण येतं कुठून, तर वरच्या वस्तीतून. सिडनीच्या वालुकाश्मावरच्या मातीत फॉस्फरस फार कमी, देशी झाडं त्यालाच सरावलेली, पण रस्त्यांचं पाणी आणि बागेचा कचरा आला की तणाची चंगळ.

1970च्या दशकात नॅशनल ट्रस्ट या तिथल्या वारसा जपणाऱ्या संस्थेने ही पद्धत उचलली, आणि आज सिडनीत कौन्सिलांचे, म्हणजे तिथल्या नगरपालिकांचे, बुशकेअर नावाचे व्हॉलंटियर गट याच धर्तीवर काम करतात. फार हळू चालतं हा आक्षेप जुना आहे आणि खराच आहे. शिवाय तिथल्या बऱ्याच बाभूळवर्गीय झाडांचं बी आगीची धग लागल्याशिवाय रुजत नाही, बहिणींचा भर मात्र हातानेच तण काढण्यावर होता, त्यामुळे आता जोडीला नियंत्रित आगही वापरतात. लँटानात छोटे रेन पक्षी लपतात, घरटी करतात, म्हणून तीही तुकड्या तुकड्यानेच काढायची.

आपल्याकडे टेकडी हिरवी करायची म्हणजे खड्डे, रोपं आणि फोटो, त्यातून गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ किती लागले ते पुण्याच्या टेकड्यांवर दिसतंच.