दोन स्वर, ठोका एक

मराठी वर्तमानपत्रांत अर्जेंटिनाची राजधानी ‘ब्युनोस आयर्स’ म्हणून छापली जाते. हे रूप इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे आलं. तिथला माणूस मात्र ‘ब्वे-नो-साय्-रेस’ म्हणतो. चार ठोके. लिहिताना या नावात सहा स्वर येतात, बोलताना त्यांची चारच अक्षरं होतात. स्पॅनिश उच्चार शिकणाऱ्याने आधी हा हिशेब शिकावा असं मला वाटतं. स्वरांचे आवाज पाचच आहेत, आ, ए, इ, ओ, उ, आणि ते आपल्याला परके नाहीत. अडतं ते दोन स्वर शेजारी आल्यावर.

आ, ए, ओ हे उघडे स्वर, कारण त्यांच्यासाठी जबडा खाली येतो. इ आणि उ हे मिटलेले. दोन उघडे स्वर शेजारी आले तर प्रत्येक जण आपलं अक्षर राखून असतो: ‘पो-ए-ता’ म्हणजे कवी, ‘ले-एर’ म्हणजे वाचणे. इ किंवा उ शेजारी असेल तर तो आपलं स्वतंत्र अक्षर सोडतो आणि दुसऱ्या स्वरात मिसळतो. त्याच्यावर जोर पडला तर मात्र मिसळत नाही, आणि हे सांगण्यासाठी त्याच्या डोक्यावर छोटी तिरपी रेघ देतात.

त्या रेघेने काय बदलतं ते एका शब्दात दिसतं. ‘कोन्-ती-न्वो’ म्हणजे सलग, अखंड. उ वर रेघ दिली की ‘कोन्-ती-नू-ओ’, म्हणजे मी चालू ठेवतो. अक्षरं तीनाची चार झाली. तीच रेघ शेवटच्या ओ वर नेली तर अक्षरं पुन्हा तीन, पण जोर शेवटी, आणि अर्थ ‘त्याने चालू ठेवलं’.

हा फरक यंत्रावरही दिसतो. घसा आणि तोंड मिळून जी पोकळी बनते, तिच्या आकाराप्रमाणे आवाजातल्या काही कंपनसंख्या उठून येतात. पुरुषाच्या आवाजात ‘आ’साठी यांतली पहिली सुमारे 700 हर्ट्झ असते, ‘इ’साठी सुमारे 300. ‘आय’ म्हणताना आलेखावरची ही रेषा न थांबता खाली उतरते. ‘आ-ई’ म्हणताना ती दोन्ही ठिकाणी थोडी स्थिरावते.

मराठी माणसाच्या तोंडात हे आधीपासून आहे. स्पॅनिशमध्ये ‘आहे’ला ‘आय’ म्हणतात आणि ‘तिथे’ला ‘आई’. गावाकडची ‘आय’ आणि शहरातली ‘आई’ म्हणून पाहा, नेमका तोच फरक. ‘कारण’साठीचा ‘काव्-सा’ म्हणताना ‘गाव’ आठवावं. सहाला ‘सेय्स’ म्हणतात, तिथे आपलं ‘ध्येय’ कामी येतं. आपले ऐ आणि औ मात्र इथे वापरू नयेत. ते ‘अ’पासून सुरू होतात आणि स्पॅनिशमध्ये ‘अ’ नाहीच.

मिटलेला स्वर आधी आला की आपल्या कानाला जोडाक्षर ऐकू येतं: ‘ब्येन’, ‘प्वेर्ता’. इथे दोन गोष्टी जपाव्या लागतात. ‘व’ म्हणताना आपला खालचा ओठ बऱ्याचदा वरच्या दातांकडे जातो. ‘प्वेर्ता’त दातांचं काही काम नाही, फक्त ओठ गोल करायचे. दुसरी गोष्ट आघाताची. ‘पुण्याचं काम’ म्हणताना ‘पु’वर आघात येतो आणि ण दुणावतो, ‘पुण्याचा माणूस’ म्हणताना तसं होत नाही. सोनेरी केसांच्या माणसाला म्हणतात तो ‘रु-ब्यो’ या दुसऱ्या, शहराच्या पुण्यासारखा म्हणायचा. ‘रुब्ब्यो’ झालं की ठोका चुकला.

हे ‘ये’ आणि ‘वे’ स्पॅनिशमध्ये इतके का, याचं उत्तर लॅटिनमध्ये आहे. लॅटिनमधला ऱ्हस्व ए किंवा ओ जोर पडला की फुटला. ‘पोर्ता’चं ‘प्वेर्ता’ झालं, ‘तेर्रा’चं ‘त्येर्रा’. पोर्तुगीजमध्ये ही फूट झाली नाही, तिथे दार ‘पोर्ता’च राहिलं. जोर नसेल तिथे स्पॅनिशमध्येही जुना स्वर टिकला. म्हणून नऊ ‘न्वेवे’, पण नव्वद ‘नोवेन्ता’. दार ‘प्वेर्ता’, पण दरवान ‘पोर्तेरो’. ‘मी झोपतो’ला ‘द्वेर्मो’ आणि ‘आम्ही झोपतो’ला ‘दोर्मीमोस’, हेही त्यातलंच. शिकणारे ही क्रियापदं अनियमित समजून घोकत बसतात. खरं तर जोर कुठे पडतो एवढंच पाहायचं असतं.

स्पॅनिश बोलणाऱ्यांचंही सगळीकडे एकमत नाही. पटकथेला किंवा संयोगचिन्हाला जो शब्द आहे, तो मेक्सिकोत बरेच जण ‘ग्योन’ असा एका ठोक्यात म्हणतात, स्पेनमध्ये ‘गि-ओन’ असा दोन ठोक्यांत. 1999 च्या शुद्धलेखन नियमांनी रेघ द्यायची की नाही हे ज्याच्या त्याच्या उच्चारावर सोडलं होतं. 2010 मध्ये स्पॅनिश अकादमींनी ठरवलं की उच्चार कसाही करा, लिहिताना हे एकच अक्षर धरायचं आणि रेघ द्यायची नाही. स्पेनमधले लोक तो शब्द आजही दोन ठोक्यांतच म्हणतात.