अर्क की ‘प्युअर’? मॉडेल लिहिण्याआधी नळी बघा

‘सेल-फ्री’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या नळ्या खपतात. दोन्हींत डीएनए टाकला की जिवंत पेशीशिवाय प्रथिन तयार होतं, म्हणून एकीसाठी बसवलेलं गणिती मॉडेल सर्रास दुसरीला लावलं जातं.

पहिली नळी अर्काची. ई. कोलाय जीवाणू वाढवायचे, फोडायचे, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून गाळ खाली बसवायचा आणि वरचं पाणी घ्यायचं. पुरणाच्या डाळीचा कटच म्हणा ना. त्यात काय काय उतरलंय याची पूर्ण यादी कुणाकडेच नसते. १९६१ मध्ये निरेनबर्ग आणि मथाई यांनी जनुकीय संकेताचा पहिला शब्द उलगडला, तो अशाच अर्कात. दुसरी नळी ‘प्युअर’ची. २००१ मध्ये जपानच्या शिमिझू, उएदा आणि सहकाऱ्यांनी रायबोसोम (प्रथिन जोडणारी यंत्रं), टीआरएनए (अमिनो आम्लं आणून देणारे रेणू) आणि तीसेक प्रथिनं एकेक करून शुद्ध केली आणि मोजूनमापून एकत्र घातली.

फरक दिसतो वेळ आणि प्रथिन यांच्या आलेखात. अर्कात आरएनए तोडणारी एन्झाइमं उरलेली असतात. एमआरएनए, म्हणजे डीएनएवरून उतरवलेली प्रथिनाची कृती, एकीकडे बनतो, दुसरीकडे तुटतो. लवकरच आवक-जावक जुळते आणि प्रथिनाची रेघ सरळ चढू लागते. प्युअरमध्ये तोडणारं जवळपास कुणी नाही. एमआरएनए साठत जातो, त्यामुळे सुरुवातीला दुप्पट वेळात प्रथिन चौपट होतं. पुढे यंत्रणा अपुरी पडली की रेघ वाकते. अर्काच्या मॉडेलमधलं ऱ्हासाचं, म्हणजे एमआरएनए तुटण्याचं, पद इथे तसंच ठेवलं, तर सॉफ्टवेअर मुकाट्याने बाकीचे स्थिरांक वाकवून आलेख जुळवून देतं. आलेख सुरेख, आकडे खोटे.

घटक माहीत असले की मॉडेल सोपं, असंही नाही. मात्सुउरा आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्युअरमध्ये अवघ्या तीन अमिनो आम्लांची साखळी कशी बनते ते मांडलं, त्याला २४१ घटक आणि ९६८ अभिक्रिया लागल्या. अर्काचं काम चार-पाच समीकरणांवर भागवतात, पण ते स्थिरांक त्या घाण्यापुरतेच. नवा घाणा काढला की पुन्हा मोजा. मी तरी दोन्हीकडे आधी मोजक्या समीकरणांनीच सुरुवात करेन.

एक चूक मात्र दोन्हीकडे सारखीच होते: जिवंत पेशीच्या मॉडेलमधून उचललेलं विरळ होण्याचं पद. पेशी वाढते, दुभंगते, म्हणून तिच्यातलं प्रथिन विरळ होतं. नळीत दुभंगायला कुणी नाहीच.