रात्री दोनची खुर्ची

रायबंदरच्या फेरीधक्क्यावर संध्याकाळी उभं राहिलं की रांगेचं गणित डोळ्यांनी दिसतं. फेरीबोट थोडी रिकामी जाते तोवर चोडणला जाणारं कुणी खोळंबत नाही. ती जेमतेम पुरू लागली, की चार दुचाक्या जास्त आल्या तरी रांग रस्त्यावर येते. गणिताच्या सगळ्यात साध्या नमुन्यात, एकच खिडकी ८० टक्के वेळ गुंतलेली असेल तर तिथे सरासरी ४ जण असतात. ९५ टक्क्यांवर १९.

विमानाला धक्क्यावर थांबता येत नाही. ते घिरट्या घालत इंधन जाळतं.

गोव्यात ५ जानेवारी २०२३ पासून दोन विमानतळ आहेत. दाबोळीत हवाई नियंत्रण नौदलाकडे, मोपाच्या सड्यावर विमानतळ प्राधिकरणाकडे. नियंत्रकाची एक खुर्ची चोवीस तास भरलेली ठेवायची तर वर्षाचे ८,७६० तास होतात. सुट्या, रजा, प्रशिक्षण वजा जाता एका माणसाचे २२० दिवस धरा. आठ तासांच्या पाळीत प्रत्यक्ष माईकवर सहा, कारण प्रत्येक विमानाची उंची, वेग, दिशा डोक्यात जागी ठेवणारं मन सलग फार वेळ टिकत नाही. म्हणजे वर्षाचे १,३२० तास. एका खुर्चीला साडेसहा माणसं! हिशेबनीसाला इथेच कात्री लावावीशी वाटते, रात्रीच्या पाळीत तर हमखास.

१ जुलै २००२ च्या रात्री झुरिकच्या केंद्रात दोन नियंत्रक होते. एक विश्रांतीला गेलेला. ही पद्धत तिथे वर्षानुवर्षं चालवून घेतली होती. उरलेला एकटा दोन पडदे सांभाळत, उशिरा आलेलं एक विमान उतरवण्यात गुंतला होता. दुरुस्तीमुळे मुख्य फोन बंद, पडद्यावरचा धोक्याचा इशाराही बंद. दोन विमानं एकाच उंचीवर एकमेकांच्या वाटेत येत असल्याचं त्याच्या लक्षात आलं तेव्हा मिनिटभरही उरलं नव्हतं. जर्मनीतल्या युबरलिंगेनजवळ ७१ जण गेले, त्यांत कितीतरी शाळकरी मुलं.

रात्री दोनला रिकामा वाटणारा दुसरा माणूस मला म्हणूनच उधळपट्टी वाटत नाही. शिवाय तो आयत्या वेळी आणताही येत नाही: नियंत्रकाला प्रत्येक ठिकाणची पात्रता वेगळी मिळवावी लागते. दाबोळीतला अनुभवी नियंत्रकही उद्या मोपाच्या खुर्चीत बसू शकत नाही. पाळी बदलतानाही नवा माणूस थेट बसत नाही. आधी तो मागे उभा राहतो, काही मिनिटं नुसता पडदा पाहतो, हेडसेटमधून ऐकतो. तेवढा वेळ एका खुर्चीसाठी दोघांचा पगार चालू असतो.