फ्रेमच्या मॉडेलमधलं 5 टक्के डॅम्पिंग आलं कुठून

भूकंपात हललेली इमारत हळूहळू थांबते, कारण हलण्याची ऊर्जा कुठेतरी जिरते, त्यालाच डॅम्पिंग म्हणतात (5 टक्के म्हणजे झोका न घेता थांबवणाऱ्या डॅम्पिंगच्या 5 टक्के). गणितात ते डॅशपॉट, म्हणजे शॉक अब्सॉर्बरसारखं धरतात, पण खऱ्या इमारतीत डॅशपॉट कुठेच नसतो हो. बारीक भेगा उघडमीट होतात, विटांच्या भिंती फ्रेमला घासतात, पायाखालची माती थोडी ऊर्जा खाते आणि हे सगळं आपण मॉडेलच्या एका सी मॅट्रिक्समधे, म्हणजे डॅम्पिंगच्या आकड्यांच्या तक्त्यात कोंबतो. घर्षणासारख्या भानगडींना समतुल्य व्हिस्कस डॅम्पिंग (वेगाच्या प्रमाणात विरोध करणारं) मानायची युक्ती जेकबसनने 1930 मधे मांडली, आणि सी बांधायला लोकांनी लॉर्ड रॅलेचं 1877 चं सूत्र उचललं, थोडं मासच्या (वस्तुमानाच्या) प्रमाणात, थोडं स्टिफनेसच्या (ताठपणाच्या). रॅलेच्या डोक्यात भूकंप नव्हताच, मोड, म्हणजे डोलण्याच्या वेगवेगळ्या तऱ्हा, सुटे व्हावेत, गणित सोपं व्हावं एवढीच सोय.

लिनिअर विश्लेषणात, म्हणजे फ्रेम कायमची वाकत नाही असं धरून, ते खपून गेलं, 5 टक्क्यांत भेगा, भिंती सगळं मावायचं. आपल्या भूकंपाच्या कोडमधे, आयएस 1893 मधे 2002 ला स्टीलला 2 आणि आरसीसीला 5 होते, 2016 ला सरसकट 5 झाले. पण नॉनलिनिअरमधे फ्रेम यील्ड होते, म्हणजे कायमची वाकते, आणि ती वाकते ती जागा, म्हणजे हिंज, स्वतःच हिस्टरेसिसमधून (पुढेमागे वाकताना) ऊर्जा खातो, वर पुन्हा तेच 5 टक्के लावायचे म्हणजे एकच बिल दोनदा भरणं, असं माझं तरी मत.

आकडेच घ्या ना. रॅलेच्या सूत्राने 1.5 आणि 0.3 सेकंद पिरियडच्या (एका झोक्याचा वेळ) मोडला 5 टक्के लावले की मधे कुठेतरी 3.7 पर्यंत उतरतं, आणि 0.05 सेकंदाच्या मोडला थेट 25! आता फ्रेम यील्ड झाली, पिरियड 1.5 चा 3 सेकंद झाला आणि सी मात्र सुरुवातीच्या स्टिफनेसवरून काढलेला तसाच ठेवला, तर पहिल्या मोडचे 5 चे 10 टक्के होतात, कोणी न मागता.

याहून वाईट गंमत बीम-कॉलमच्या जॉइंटला. संशोधक बर्नालने 1994 मधे दाखवलं की मॉडेलमधे जिथे रोटेशनला (फिरण्याला) मास दिलेलं नाही तिथे हिंज यील्ड होताच खोटे डॅम्पिंग मोमेंट (वाकवणारे जोर) उभे राहतात. बीमची क्षमता संपलेली, तरी कॉलमचा मोमेंट वाढतोय, जॉइंटवरच्या मोमेंटची बेरीज जुळत नाही म्हणून आपण तासभर मॉडेल उकरत बसतो आणि फरक सगळा डॅम्पिंगने धरलेला असतो. 2006 ला हॉलने, 2008 ला चार्नीने हेच पुन्हा बजावलं. हिंजसाठी फार कडक स्प्रिंग ठेवला असेल तर अजूनच बोंब.

मग सुरुवातीच्याऐवजी चालू, म्हणजे टँजंट स्टिफनेस घ्या असं बरेच जण म्हणाले, पण तो निगेटिव्ह झाला तर डॅम्पिंगच ऊर्जा ओतायला लागेल की. चोप्रा आणि मॅकेना यांनी 2016 मधे मोडल डॅम्पिंगची (प्रत्येक मोडला सुटं डॅम्पिंग द्यायचं) बाजू घेतली, त्यावरही हॉलचा आक्षेप आलाच.

मॅकेनाच्याच ओपनसीस या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधे रॅले कमांडला चार आकडे लागतात, एक मासचा आणि तीन स्टिफनेसचे, चालू, सुरुवातीचा, शेवटचा कमिट (मागच्या पायरीत पक्का) झालेला. वरची निम्मी भांडणं बीटा (स्टिफनेसचा गुणक) त्या तीनपैकी कुठल्या जागी टाकला यावरच आहेत, आणि आपण मात्र ती ओळ सीनियरच्या जुन्या फाइलमधून जशीच्या तशी उचलतो.