घरी बनवलेला एक्स-रे आणि 'सॉफ्ट' या शब्दाचा घोळ

विज्ञान प्रदर्शनाचा सीझन जवळ आला की भुसावळ-जळगावकडची अकरावी-बारावीची पोरं भंगारवाल्यांकडे जुना टीव्ही शोधत फिरतात, ईएचटी, म्हणजे टीव्हीतलं हाय व्होल्टेज, काढायची म्हणून. आधी नुसता स्पार्क दाखवायचा बेत असतो, मग कुणीतरी व्हिडिओ बघतो आणि दुकानात येऊन विचारतो, काका, जुन्या व्हॉल्व्हमधून एक्स-रे निघतात म्हणे, पण सॉफ्टच असतात ना? व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओ-टीव्हीतली काचेची ट्यूब. या 'सॉफ्ट'पायीच हे लिहायला बसलो. टीव्ही रिपेअरिंगमध्ये माझी तीसेक वर्षं गेली, त्यामुळे टीव्हीचं जरा जास्त येईल.

1895 चा एक्स-रेचा शोध सगळ्यांनी शाळेत वाचलाय, तो सोडतो. 1896 मात्र शाळेत कुणी शिकवत नाही. त्या एका वर्षात जगभर लोकांनी एक्स-रे काढले, कारण सामान आधीच लॅबमध्ये पडलेलं होतं, हाय व्होल्टेज देणारी इंडक्शन कॉइल आणि हवा काढलेली काचेची नळी, बस. म्हणजे हे मशीन पहिल्या दिवसापासून जुगाडाचंच. आणि हाताची कातडी लाल होणं, केस गळणं हे पण त्याच वर्षी दिसायला लागलं.

आता सॉफ्ट-हार्डचं बघा. हे शब्द आधी किरणांना नव्हते, नळीला होते. नळीत थोडा गॅस उरलेला असला की कमी व्होल्टेजवर करंट वाहायचा, ती सॉफ्ट नळी. वापरून वापरून गॅस कमी व्हायचा, मग जास्त व्होल्टेज लागायचं, ती हार्ड. आज नळी कोणत्या मूडमध्ये आहे हे बघायला मीटर नव्हता, मग डॉक्टर काय करायचे, चमकणाऱ्या पडद्यामागे स्वतःचा हात धरायचे, हाडं कितपत काळी दिसतात त्यावरून अंदाज घ्यायचे. रोज, प्रत्येक पेशंटच्या आधी, तोच हात. त्यातल्या कितीतरी जणांची बोटं कापावी लागली, पुढे कॅन्सर झाला. हॅम्बुर्गला 1936 मध्ये अशा लोकांचं स्मारक उभारलं तेव्हा त्यावर दीडशेहून जास्त नावं होती. 1913 मध्ये तापत्या फिलामेंटची नळी आली, व्होल्टेज आणि करंट वेगवेगळे सेट करता यायला लागले, हात धरायची गरज संपली, पण शब्द तसाच राहिला आणि नळीवरून सरकून किरणांना चिकटला.

आणि तिथेच घोळ झाला, कारण आपल्याला सॉफ्ट म्हटलं की सौम्य वाटतं. खरं म्हणजे सॉफ्ट किरण शरीरातून आरपार जात नाहीत म्हणून ते सॉफ्ट, आणि आरपार जात नाहीत म्हणजे सगळी ताकद कातडीत आणि तिच्या लगेच खालीच ओततात. हॉस्पिटलच्या मशीनमध्ये नळीच्या तोंडाशी ॲल्युमिनियमचा पत्रा असतो तो हे सॉफ्ट किरण आधीच अडवायला, कारण त्यांनी फोटो तर निघत नाही, कातडी तेवढी भाजते. घरच्या जोडणीत तो पत्रा नसतोच. शिवाय त्या वेळी काहीच जाणवत नाही, ना चटका ना झिणझिणी, जास्त डोस बसला असेल तर लाली बऱ्याचदा आठ-पंधरा दिवसांनी उठते, तोवर प्रयोग चार वेळा करून झालेला असतो. हे मी पोरांना दहादा सांगतो.

1956 मध्ये एका अमेरिकन विज्ञान मासिकात घरगुती एक्स-रे मशीनवर लेख आला होता, रेडिओच्या जुन्या व्हॉल्व्हपासून केलेलं, तेव्हा लोकांना ते छंदाचं वाटायचं. 1967 मध्ये तिकडेच एका मोठ्या कंपनीचे हजारो कलर टीव्ही परत मागवावे लागले. त्यात किरण पडद्यातून येत नव्हते, आतल्या हाय व्होल्टेजच्या एका रेग्युलेटर व्हॉल्व्हमधून खालच्या दिशेला निघत होते. पुढच्याच वर्षी कायदा झाला आणि पुढे त्याखाली टीव्हीपासून पाच सेंटीमीटरवर तासाला 0.5 मिलीरोंटजेन (रोंटजेन हे किरण मोजायचं माप) ही मर्यादा ठरली.

आपल्याकडे कलर टीव्ही पसरले 1982 च्या एशियाडनंतर, तोवर हे सगळं डिझाइनमध्ये आलेलं होतं, पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं वगैरे. पंचवीस हजार व्होल्ट आत असूनही घरोघरी टीव्ही चालले ते त्यामुळे. त्या काळच्या जपानी आयसीच्या डायग्रॅममध्ये एका पिनेसमोर 'एक्स-रे प्रोटेक्ट' छापलेलं असायचं, ईएचटी वाढली की ती पिन सेट बंद पाडायची. मी शिकायला होतो तिथे सेट सारखा बंद पडतोय म्हणून ती पिनच उडवून गिऱ्हाइकाला सेट परत दिलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. ती पिन कशासाठी आहे हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, याचा राग अजून आहे.

किरणांच्या आधी करंट मारतो हे वेगळं सांगायला नको. पिक्चर ट्यूब प्लग काढल्यावरही चार्ज धरून बसते, अर्थ केलेला स्क्रूड्रायव्हर रबरी कॅपखाली सरकवला की चट् असा आवाज येतो, कधीकधी थोड्या वेळाने पुन्हा येतो. मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर तर पोरांनी हातातच घेऊ नये, दोन हजार व्होल्ट आणि मागे भरपूर करंट, तो दुसरी संधी देत नाही. आणि एक्स-रे मशीन बनवणं-चालवणं याला आपल्याकडे परवानगी लागते, 1962 चा अणुऊर्जा कायदा आणि त्याखालचे 2004 चे नियम घरच्या प्रयोगाला सुटलेले नाहीत.

मागच्या हिवाळ्यात यावलकडचा एक मुलगा आला, सोबत ऑनलाइन मागवलेला गायगर मीटर, म्हणजे किरण मोजायचं यंत्र. म्हणे काका, व्हॉल्व्ह चालू केला, मीटर हललाच नाही, म्हणजे सेफ आहे. मीटर उघडून आतली नळी दाखवली, स्टीलची. सॉफ्ट किरण त्या स्टीलमध्येच अडकतात, आत मोजायला काही पोचतच नाही. तो बराच वेळ हाताच्या मागची बाजू बघत बसला. काही झालं नव्हतं त्याला, तीन-चार सेकंदच चालवलं होतं. व्हॉल्व्ह माझ्याकडेच ठेवून गेला.