पट्टण पंचायत केली की शेती वाचते?

बेळगाव-खानापूर भागात एक जुना फॉरवर्ड फिरतोय, ग्रामपंचायतीची पट्टण पंचायत (कर्नाटकातली छोट्या शहराची नगरपंचायत) करून घ्या म्हणजे शेती वाचते, गावपण टिकतं. असं वाटणं साहजिक आहे, पण नुसता बोर्ड बदलून जमीन वाचत नाही आणि जातही नाही, एनएचा, म्हणजे शेतजमीन बिगरशेती करण्याचा विषय कर्नाटकच्या १९६४ च्या महसूल कायद्यातल्या कलम ९५ चा, तो डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसचा. उलट ग्रामसभा जाते, देवळासमोर बसून अख्ख्या गावानं हिशोब विचारायचा ते बंद, उरतात वॉर्डाचे मेंबर. शिवाय अट बघा, लोकसंख्या साधारण १०,००० च्या वर आणि किमान निम्मा रोजगार शेतीबाहेरचा, म्हणजे शेती मागे पडल्यावरच हे लागू, मग त्यानं ती वाचणार कशी? खात्री करायची तर पट्टण पंचायत झालेल्या गावातले चार सर्वे नंबर घ्या आणि कर्नाटक सरकारच्या जमीन नोंदींच्या भूमी साइटवर जुने-नवे उतारे लावून बघा.